सुटे नाहीत

सोहार बंदरामागे, पोलाद कारखान्याच्या कुंपणाला चिकटून
आमची लॅब, बारा बाय सोळा.
बाहेर सेहेचाळीस, आत तेवीस,
आणि तेवीसच्या मधोमध, टेबलावर, एक हजार.

भट्टी म्हणजे एक आडवी ग्राफाइटची नळी,
तोंडाशी बोटभर भोक.
थंड असताना त्यात बॅटरी मारून बघा:
उजेड आत शिरतो, भिंतीभिंतीवर आपटतो,
परत यायची वाट विसरतो.
डांबर इतकं काळं नसतं. तव्याची पाठही नाही.

मग तापवायची. तीन तास.
आधी काहीच नाही.
सहाशेच्या सुमारास आत कुणी विडी ओढत बसलंय असं वाटतं,
मग गुंज,
मग शेंदूर,
हजारला शेंदरात हळद.
नजीब सरखोत, दाभोळचा, अकरा वर्षं इथे, म्हणतो,
"नळी मातीची कर, लोखंडाची कर,
भोक रंग तोच दाखवणार.
ते फक्त विचारतं, किती तापलायस?"

सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनात
विजेचे दिवे करणाऱ्यांना हेच हवं होतं:
किती तापवलं की कुठला उजेड, किती?
जुन्या रीतीने हिशेब मांडला
तर जांभळ्याच्या पलीकडे आकडा फुगायचा,
फुगतच जायचा.
म्हणजे चहाला शेगडी पेटवावी
आणि न दिसणाऱ्या किरणांनी घर बेचिराख.
पण शेगडीवर तर चहा होतो.
तेव्हा एकाने, निव्वळ निरुपाय म्हणून, लिहिलं:
उष्णता धारेने ओतत नाहीत, नाण्यांनी मोजून देतात,
आणि रंगागणिक नाणं वेगळं.
तांबडं किरकोळीत मिळतं.
जांभळ्याच्या पेढीवर मोठी नोटच लागते,
सुटे नाहीत.
हजार अंशांच्या भिंतीच्या खिशात
एवढी नोट सापडते क्वचित.

कॉलेजात हे चार मार्कांना होतं, लिहिलं, मिळाले.
कळलं इथे, फलज अल कबाइलच्या मनी एक्स्चेंजमध्ये.
माझ्यापुढे एक गवंडी, हातात तीन रियाल, घामाने मऊ झालेले.
काचेपलीकडून उत्तर आलं, पाठवणावळ दीड रियाल,
तीन पाठव नाहीतर तीनशे.
त्याने नोटांची घडी केली, पुन्हा केली,
खिशात घातली आणि उन्हात गेला.
त्या महिन्यात त्याच्या गावाला
पाव नाही, चतकोर नाही, काहीच पोचलं नाही.

आज खमीस अल-मामरी स्वतः पायरोमीटर घेऊन आला,
चौदा अंश कमी दाखवतो म्हणून.
भोकासमोर धरला. खरंच चौदा.
काच पुसली. नऊ.
नऊ ही त्याची स्वतःची खोट, वहीत लिहिली.
भट्टी निवेपर्यंत खमीसने गंमत म्हणून
उष्णतेचा कॅमेरा आमच्यावर रोखला:
नजीब गोरा, मी सावळा, पडद्यावर दोघे सारखेच पिवळे.
त्या यंत्राला कातडी जवळजवळ काळीच, कुणाचीही.
गळ्यातले बॅज तेवढे थंड, निळे चौकोन.
खमीस मोकळं हसला,
आणि ओव्हरटाइमच्या कागदावर सही न करता गेला.

बटण बंद. हळद गेली, शेंदूर गेला, गुंज,
मग विडी विझली.
अजून तीनशेला असेल.
देणं थांबलेलं नाही तिचं,
आपल्या डोळ्यांना परवडेल असा माल संपलाय, इतकंच.

वाटेत ताकाची बाटली घेतली.
पाच बैसे परत यायचे होते,
दुकानदाराने खोकल्याची गोळी हातावर ठेवली,
त्याहून लहान काही गल्ल्यात नव्हतं.
चघळत निघालो.
ती मात्र तुकड्यातुकड्याने नाही, झिजत झिजत संपली,
कॅम्पच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पुरली.